मध्ययुगीन स्पेनच्या राण्या आणि त्यांची लग्नं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या राण्या नेमक्या कुठल्या देशाच्या?

स्पेन नावाचा एकसंध देश तेव्हा नव्हताच. उत्तरेकडे ख्रिस्ती राज्यं होती : लेओन, कास्तिया (इंग्रजी पुस्तकांतलं कॅस्टाइल ते हेच), नावारा, आरागॉन आणि शेजारचं पोर्तुगाल. दक्षिणेत मुसलमान सत्ता होती. ही ख्रिस्ती राज्यं कधी भावाभावांत वाटली जात, कधी लग्नाने सांधली जात. कास्तिया आणि लेओन ११५७ साली दोन भावांत वाटली गेली आणि १२३० मध्ये कायमची एक झाली. त्या एक होण्यात दोन सोडलेल्या बायकांचा हात होता, ती गोष्ट पुढे येईलच.

आणखी एक खुलासा. इथे ज्या राण्यांबद्दल लिहिलंय त्या बहुतेक राजाची बायको म्हणून राणी झाल्या. ऊर्राका (राज्यकाळ ११०९ ते ११२६) किंवा कोलंबसाला पाठवणारी इसाबेल (१४७४ ते १५०४) या बापाच्या, भावाच्या गादीवर स्वतःच्या हक्काने बसल्या. त्यांचा मामला वेगळा, म्हणून त्या इथे येता-जाताच भेटतील.

सगळ्यांची नावं सारखीच का असतात? लग्नानंतर नाव बदलत असत का?

लेओनोर, ब्लांका, कोन्स्तान्सा, बेरेंगेला, सांचा, ऊर्राका, इतक्या मोजक्या नावांत पाचशे वर्षं काढली म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे नातीला आजीचं नाव ठेवायची चाल होती, तसंच हे. त्यामुळे इतिहास वाचताना कोणती लेओनोर हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बाहेरून आलेल्या सुनेचं नाव कधी कधी बदलत असे. कास्तियाच्या तिसऱ्या फेर्नांदोची जर्मन राणी माहेरी एलिझाबेथ होती, १२१९ मध्ये बुर्गोसला लग्न झालं आणि ती बेआत्रिस म्हणून नांदली. पण नाव बदलण्याचा आपल्यासारखा विधी नव्हता, तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिणं वगैरे तर नाहीच. बहुतेकींनी माहेरचंच नाव ठेवलं.

लग्नाच्या वेळी मुलींची वयं काय असत?

ऐकून धक्का बसेल अशी. आरागॉनची पेत्रोनिला ११३७ मध्ये बार्सिलोनाच्या काउंटला देऊ केली तेव्हा जेमतेम एक वर्षाची होती. तिचा बाप रामिरो हा मुळात मठातला साधू. भाऊ निपुत्रिक वारला म्हणून त्याला मठातून आणून गादीवर बसवलं, लग्न लावलं, मुलगी झाली, ती वाग्दत्त केली आणि स्वारी पुन्हा मठात गेली. प्रत्यक्ष लग्न ११५० मध्ये लागलं.

चर्चच्या कायद्याने मुलीला १२ आणि मुलाला १४ वर्षं पुरी लागत. त्याआधी होई तो वाङ्‌निश्चय. पण मुलगी मात्र सासरी लवकर धाडत, म्हणजे तिथली भाषा, तिथली माणसं अंगवळणी पडावीत. इंग्लंडची लेओनोर ११७० मध्ये कास्तियाच्या आठव्या अल्फोन्सोची झाली तेव्हा ती नऊच्या आसपास आणि तो १४ वर्षांचा होता. मुलं व्हायला पुढे सुमारे दहा वर्षं गेली, यावरून संसार कधी सुरू झाला असेल ते समजून घ्यावं. उलट प्रकारही होता : १३८८ मध्ये इंग्लंडहून आलेल्या कातालिनाचं लग्न झालं तेव्हा ती १५ वर्षांची आणि नवरदेव, कास्तियाचा युवराज एन्रिके, जेमतेम नऊ वर्षांचा.

मुलीला कुणी विचारत होतं का?

संमती असावी असं चर्च म्हणे. विचारत कितपत, ते सोडून द्या. लग्न हा तह होता, आणि तहाच्या कलमांना कुणी विचारत नाही.

पण मुलगी निवडण्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात १२०० साली तह ठरला आणि फ्रान्सच्या युवराजासाठी कास्तियाची राजकन्या हवी झाली. मुलगी आणायला कोण निघालं? मुलींची आजी, एलिओनोर ऑफ अ‍ॅक्विटेन, तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढची. पिरेनीज ओलांडून म्हातारी लेकीच्या, म्हणजे वर आलेल्या लेओनोरच्या, घरी पोचली. उपवर नाती दोन, ऊर्राका आणि ब्लांका. आजीने धाकटी ब्लांका उचलली. ऊर्राका हे नाव फ्रेंचांच्या जिभेला कडू लागेल म्हणून असं झालं, ही त्यामागची जुनी गोष्ट. स्पॅनिशमध्ये ऊर्राका म्हणजे मॅगपाय हा पक्षी. मला ही सबब फारच पोकळ वाटते. पाच पोरींना जन्म दिलेल्या आणि दोन राजांशी संसार केलेल्या बाईने मुलीचं पाणी जोखलं असणार. ब्लांकाने पुढे १२२६ पासून पोरसवदा मुलाच्या नावाने फ्रान्सचा कारभार हाकला. ऊर्राकाही उपाशी राहिली नाही म्हणा, ती पोर्तुगालची राणी झाली.

हुंडा कोण कोणाला देत असे?

दोन्ही बाजूंनी देवाणघेवाण होई, पण इथली खासियत म्हणजे ‘आर्रास’. नवऱ्याने बायकोला लग्नात द्यायची मालमत्ता. ही चाल मुसलमानांच्या आधी स्पेनवर राज्य करणाऱ्या व्हिसिगॉथ राजांच्या काळापासूनची, आणि नवऱ्याच्या मालमत्तेच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत ती देता येई. आपल्या शब्दांत सांगायचं तर स्त्रीधन, फक्त सासरकडून आलेलं.

राणीच्या बाबतीत आर्रास म्हणजे गावं, किल्ले आणि त्यांचा वसूल. लेओनोरला मिळालेल्या यादीत बुर्गोस आणि कास्त्रोहेरिससारखी ठिकाणं होती. आपल्या जुन्या राजघराण्यांत राणीच्या चोळीबांगडीसाठी गाव लावून देत, त्याची आठवण होते, पण हा आकडा चोळीबांगडीच्या पुष्कळ पुढचा आहे. या गावांत राणीचे कारभारी असत, तिच्या नावाने न्याय होई आणि पैसा तिच्या हाती येई. मठ बांधायचा, लोक पदरी बाळगायचे, वेळ आली तर नवऱ्याविरुद्ध उभं राहायचं, सगळं या पैशावर. माद्रिदजवळच्या तालावेरा गावाला आजही ‘तालावेरा दे ला रेइना’ म्हणतात, म्हणजे राणीचं तालावेरा. अकराव्या अल्फोन्सोने ते आपल्या पोर्तुगीज राणीला दिलं होतं.

माहेरून येई तो हुंडा वेगळा. त्यात रोकड असे, कधी मुलूखही. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. काळ मध्ययुगाच्या पुष्कळ नंतरचा आणि राजकन्या पोर्तुगीज, पण १६६१ च्या करारात कॅथरीन ऑफ ब्रागांझाच्या हुंड्यात मुंबई बेट असंच इंग्लंडच्या राजाला गेलं.

पोपला या लग्नांत नाक खुपसायचं कारण काय?

नातं. रोमच्या चर्चने १२१५ पर्यंत सात पिढ्यांच्या आतली सोयरीक निषिद्ध धरली होती. त्या साली लॅटरन परिषदेने ती मर्यादा चारवर आणली. आपलं सपिंड गणित आठवा, बापाकडून सात, आईकडून पाच. फरक एवढाच की आपण बंधन घालून शेजारी मामाची मुलगी करायची वाटही ठेवली. त्यांच्याकडे ती वाट पोपच्या खास परवानगीतून जाई, आणि ती परवानगी राजकारण पाहून मिळे.

इबेरियातली राजघराणी तर एकमेकांचीच. कुणाचंही लग्न ठरवा, दोन पिढ्या मागे गेलं की समान आजोबा सापडणारच. त्यामुळे दर दुसरं लग्न कायद्याच्या डोळ्यांत कच्चं. नवऱ्याला बायको नकोशी झाली की हेच नातं अचानक आठवे. शत्रूला वारस पाडायचा असला तरी हेच हत्यार.

लेओनचा नववा अल्फोन्सो याचं उत्तम उदाहरण. पहिली बायको पोर्तुगालची तेरेसा, त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. हे लग्न ११९१ चं, तीन मुलं झाल्यावर रद्द. मग ११९७ मध्ये कास्तियाची बेरेंगेला आणली. ती त्याच्या चुलतभावाची मुलगी, म्हणजे नवरा नात्याने तिचा चुलतकाका. हेही रद्द.

बेरेंगेलाची गोष्ट जरा सविस्तर सांगाल का?

आनंदाने, कारण माझ्या मते या सगळ्यांत डोक्याने तिच्या बरोबरीची कुणी नाही.

ती आठव्या अल्फोन्सोची आणि इंग्लंडच्या लेओनोरची थोरली. आठेक वर्षांची असताना जर्मन सम्राट बार्बारोसाच्या मुलाशी, कोनराडशी, तिचा करार झाला. तेव्हा तिला भाऊ नव्हता, म्हणजे ती राज्यासकट मिळणार होती. मग भाऊ जन्मला आणि करार विरून गेला.

लेओनशी लग्न झालं ते भांडण मिटवायला. दोन राज्यांच्या सीमेवरचे वादाचे किल्ले तिच्या आर्रासमध्ये घातले, म्हणजे ते ना याचे ना त्याचे, राणीचे. युक्ती सुरेख होती. पण पुढच्याच वर्षी तिसरा इनोसंट पोप झाला आणि त्याने हे लग्न मानायला साफ नकार दिला. दोघं सात वर्षं तगली, पाच मुलं झाली. अखेर १२०४ मध्ये बेरेंगेला मुलांना घेऊन माहेरी परतली.

माहेरी १२१४ मध्ये आई आणि बाप महिन्याच्या आत गेले. गादीवर दहा वर्षांचा भाऊ एन्रिके. बेरेंगेला कारभार पाहू लागली तर लारा घराण्याच्या सरदारांनी तो तिच्या हातून काढून घेतला. मग जून १२१७ मध्ये पालेन्सियाला मुलं खेळत होती, छपरावरचं एक कौल घसरलं आणि एन्रिकेच्या डोक्यात बसलं. राजा मेला. आता वारस बेरेंगेला.

इथे तिचा खेळ पाहा. भावाच्या मृत्यूची बातमी आधीच्या नवऱ्याला कळली असती तर तो फौज घेऊन आला असता, कारण कास्तियावर त्याचा डोळा होताच. थोरला मुलगा फेर्नांदो तेव्हा त्याच्याजवळ होता. बेरेंगेलाने निरोप धाडला की लेकाची आठवण येतेय, थोडे दिवस पाठवून द्या. बापाने पाठवला. मुलगा हाती येताच वायादोलिदला तिने राजपद स्वीकारलं आणि तिथेच ते त्याच्या हवाली केलं. अल्फोन्सो खवळून चालून आला, पण हाती काही न लागता परत गेला. मुलाचं राज्य पुढे जवळजवळ तीस वर्षं दोघांनी मिळून चालवलं असं म्हणणंच योग्य.

आणि त्या दोन सोडलेल्या बायका?

नववा अल्फोन्सो १२३० मध्ये वारला. जाताना त्याने लेओन फेर्नांदोला न देता तेरेसापासून झालेल्या दोन मुलींना, सांचा आणि दुल्से यांना दिलं. म्हणजे पुन्हा लढाई. तेव्हा दोन आया समोरासमोर बसल्या : तेरेसा, जी लग्न मोडल्यावर पोर्तुगालमध्ये लोर्वाओच्या मठात राहत होती, आणि बेरेंगेला. एकाच माणसाच्या दोन बायका, दोघींचंही लग्न पोपने पुसून टाकलेलं. सवती म्हणाव्यात तर एका घरात दोघी कधी नांदल्या नव्हत्या.

बेनाव्हेंतेला डिसेंबरमध्ये करार झाला. मुलींनी हक्क सोडला, बदल्यात त्यांना दरसाल ३०,००० मारावेदींची (हे तिथलं नाणं) नेमणूक लागली आणि हमीला किल्ले ठेवले. तलवार उपसावी लागली नाही. कास्तिया आणि लेओन त्या दिवशी जे जोडले गेले ते पुन्हा सुटले नाहीत.

लग्न रद्द झालं की मुलं अनौरस ठरत का?

तसं नाही. आईबापांनी लग्न चांगल्या भावनेने केलं होतं असं मानलं तर मुलं औरस राहत, आणि फेर्नांदोचा हक्क असाच टिकला. गंमत अशी की या ‘बेकायदा’ लग्नातला फेर्नांदो १६७१ मध्ये चर्चने संत ठरवला आणि दुसऱ्या ‘बेकायदा’ लग्नातल्या तेरेसाला १७०५ मध्ये पुण्यात्मा म्हणून मान दिला.

पोप नेहमी लग्न मोडायलाच बसलेला असे का?

नाही, कधी राणीच्याही बाजूने उभा राही. माँपेलिएची वारस मारी हिने १२०४ मध्ये आरागॉनच्या दुसऱ्या पेद्रोशी लग्न केलं. त्याला तिचं शहर हवं होतं, ती नको होती, आणि पुढे जेरुसलेमच्या वारसदारणीवर नजर गेल्यावर तर मुळीच नको झाली. मारी स्वतः रोमला गेली. बेरेंगेलाचं लग्न मोडणाऱ्या त्याच तिसऱ्या इनोसंटने १२१३ च्या सुरुवातीला मारीचं लग्न कायम केलं. ती त्याच वर्षी रोममध्येच वारली. काही महिन्यांनी पेद्रो मुरेच्या लढाईत पडला आणि पाच वर्षांचा हाइमे राजा झाला. लग्न रद्द झालं असतं तर त्याचा हक्क अडचणीत आला असता.

त्याच्या नावाची गोष्ट हाइमेने स्वतःच सांगून ठेवलीय. बारा प्रेषितांच्या नावाने आईने सारख्या मापाच्या बारा मेणबत्त्या लावल्या, जी शेवटपर्यंत जळेल ते नाव ठेवायचं. संत जेम्सची, म्हणजे हाइमेची, टिकली.

मारिया दे मोलिना एवढी प्रसिद्ध का?

कारण तिने तीन राजे सांभाळले : नवरा, मुलगा आणि नातू.

मारिया ही बेरेंगेलाची नात. कास्तियाच्या चौथ्या सांचोशी तिचं लग्न १२८२ मध्ये तोलेदोला झालं आणि नात्याने ती त्याची चुलत आत्या. आजीने चुलतकाका केला, नातीने चुलत आत्या होऊन भाचा केला, पोपशी भांडण मात्र तेच. परवानगी नव्हती, शिवाय सांचोचं आधी दुसरीकडे ठरलेलं होतं. पोपने लग्न निषिद्ध ठरवलं. दोघांनी ऐकलं नाही, आणि सांचो मरेपर्यंत मारियाला दूर करायला कधीच तयार झाला नाही.

तो १२९५ मध्ये गेला, थोरला मुलगा नऊ वर्षांचा. मुलगा अनौरस, गादी आमची, असं म्हणत दीर, पुतणे, आरागॉन, पोर्तुगाल, सगळे एकदम उठले. मारियाकडे सरदार थोडे, पण शहरं होती. तिने कोर्तेस म्हणजे शहरं, सरदार आणि धर्मगुरूंची सभा वायादोलिदला बोलावली आणि नगरांचे कर, तक्रारी, सनदा घेऊन बसली. ही बाई लढाईपेक्षा हिशेबाने जिंकली. जो सरदार फुटेल त्याला काय देऊन परत आणता येईल, हे तिला तोंडपाठ असावं.

पोपची परवानगी अखेर १३०१ मध्ये आली. म्हणजे लग्न कायदेशीर झालं तेव्हा नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. पण मुलगा औरस ठरला, आणि हवं होतं ते एवढंच.

मुलगा वयात आला आणि लोकांनी कान भरले, आईने पैसा खाल्ला. त्याने हिशेब मागितला. बखरकार सांगतो की हिशेब तपासला तर उलट राणीनेच आपले दागिने मोडून राज्यात घातलेले निघाले. तिच्याकडे पाणी प्यायचा एक चांदीचा पेला उरला होता आणि ती मातीच्या भांड्यांत जेवत होती. बखरीतली गोष्ट आहे, मीठमसाला असेल. पण हिशेब मागितल्यावर बिनघोर बसलेली आई डोळ्यांपुढे येतेच.

हा मुलगा १३१२ मध्ये वारला, नातू एक वर्षाचा. मारिया पुन्हा कारभारात. सोबत कारभार पाहणारे दोन राजपुत्र १३१९ मध्ये ग्रानादाच्या मोहिमेत गेले. १३२१ मध्ये वायादोलिदला तिचा शेवट आला तेव्हा नातू शहराच्या पुढाऱ्यांच्या हाती सोपवून ती गेली. सरदारांच्या नव्हे, शहराच्या.

राजांच्या नाटकशाळा असत, त्यांचं आणि राणीचं कसं जमे?

जमत नसे. अकराव्या अल्फोन्सोने, मारियाच्या त्याच नातवाने, १३२८ मध्ये पोर्तुगालच्या मारियाशी लग्न केलं आणि जन्म काढला लेओनोर दे गुस्मानबरोबर. लेओनोरला दहा मुलं झाली, इनामं, पदव्या, सगळं तिच्या घरी. राणी एकुलत्या एका वारसाला, पेद्रोला, घेऊन बाजूला पडली. राजा १३५० मध्ये जिब्राल्टरच्या वेढ्यात प्लेगने मेला. पुढच्या वर्षी राणीने लेओनोरचा वध करवला, आणि तोही तालावेराला, स्वतःच्या आर्रासच्या गावात. वीस वर्षांचा सूड. पण लेओनोरची पोरं जिवंत होती. त्यातल्या एन्रिकेने १३६९ मध्ये माँतिएलला पेद्रोला ठार मारलं आणि गादी घेतली.

सगळ्यांत दुर्दैवी राणी कोण?

ब्लांका दे बोर्बोन, याच पेद्रोची फ्रेंच बायको. जून १३५३ मध्ये वायादोलिदला लग्न झालं आणि दोन-तीन दिवसांत नवरा मारिया दे पादियाकडे निघून गेला. ठरलेली हुंड्याची रक्कम फ्रान्सकडून आली नाही, हे एक कारण. मारिया दे पादिया हे दुसरं. पुढच्या वर्षी त्याने दोन बिशपांकडून हे लग्न रद्द म्हणवून हुआना दे कास्त्रोशी लग्न केलं आणि तिलाही लगोलग टाकली. ब्लांकाने तोलेदोच्या कॅथेड्रलमध्ये आश्रय घेतला तेव्हा शहर तिच्यासाठी उठलं. उपयोग झाला नाही. एका किल्ल्यातून दुसऱ्यात असं करत १३६१ मध्ये मेदिना सिदोनियाला कैदेतच ती मेली, वय विशीच्या जरा पुढे. मारिया दे पादियाही त्याच वर्षी वारली, आणि तिच्याशी आपलं आधीच लग्न झालं होतं असं पेद्रोने मग जाहीर केलं.

याचा धागा पुढे जातो. पेद्रो आणि मारिया दे पादिया यांची मुलगी कोन्स्तान्सा इंग्लंडच्या जॉन ऑफ गाँटला दिली, आणि तो सासऱ्याच्या गादीवर हक्क सांगू लागला. शेवटी तोडगा लग्नाचाच. या दोघांची मुलगी म्हणजे वर आलेली पंधरा वर्षांची कातालिना, आणि तिचा नऊ वर्षांचा नवरा हा पेद्रोला मारणाऱ्या एन्रिकेचा नातू, म्हणजे लेओनोर दे गुस्मानचा पणतू. जॉनला हक्क सोडण्याबद्दल ६,००,००० फ्रँक रोख आणि वर्षाला ४०,००० मिळाले.

मूल झालं नाही तर राणीला घालवत का?

दहाव्या अल्फोन्सोची राणी वियोलांते हिला मूल होईना, म्हणून राजाने नॉर्वेहून क्रिस्तिना नावाची राजकन्या मागवली, ती येऊन पोचली तोवर राणीला दिवस गेले, अशी कथा अजून सांगितली जाते. तारखा पाहिल्या की ती कोसळते. क्रिस्तिना १२५७ मध्ये निघाली आणि वियोलांतेची पहिली मुलगी १२५३ ची. क्रिस्तिनाने १२५८ मध्ये राजाचा भाऊ फेलिपे केला. तो सेवियाचा नियोजित आर्चबिशप होता, झगा उतरवून बोहल्यावर चढला. चार वर्षांत ती वारली. कोवारुबियास गावी तिची कबर आहे.

खरंच मूल न झाल्यावर घालवलेली राजवधू म्हणजे नावाराची ब्लांका. कास्तियाच्या राजपुत्र एन्रिकेशी तिचं लग्न १४४० मध्ये झालं. तेरा वर्षांनी ते रद्द केलं, कारण दिलं की नवऱ्यावर चेटूक झालंय, पण ते फक्त या एका बाईपुरतंच चालतं. साक्षीला सेगोव्हियाच्या वेश्या उभ्या केल्या. ब्लांका माहेरी गेली तर तिथे बापानेच तिला कैदेत टाकलं.

मुसलमान घराण्यांशी सोयरिकी होत्या का?

होत्या, आणि नावाराच्या तोदापासून सुरुवात करायला हवी. कोर्दोबाचा खलिफा तिसरा अब्द अल-रहमान तिच्या नात्यातला, तिच्या आईचा तो नातू. तोदाचा नातू सांचो इतका लठ्ठ झाला की लेओनची गादी गेली, तेव्हा या नात्यामुळे आजी त्याला घेऊन थेट कोर्दोबाला गेली. खलिफाच्या ज्यू वैद्याने, हसदाई इब्न शाप्रूतने, त्याचं वजन उतरवलं आणि खलिफाच्या फौजेने गादी परत मिळवून दिली.

सहाव्या अल्फोन्सोजवळ सेवियाच्या राजाची विधवा सून झाइदा होती. बाप्तिस्मा घेऊन ती इसाबेल झाली. तिचा मुलगा सांचो हाच राजाचा एकुलता एक मुलगा, तो ११०८ मध्ये उक्लेसच्या लढाईत पडला. म्हणून तर गादी मुलीकडे, ऊर्राकाकडे, गेली.

नवरा परदेशी राहिला तर राज्य कोण चालवी?

आरागॉनमध्ये राणीच, आणि रीतसर सनद घेऊन. राजाची ‘लुगार्तेनिएन्ते’ म्हणजे त्याच्या जागी बसणारी. पाचव्या अल्फोन्सोची बायको कास्तियाची मारिया हे टोकाचं उदाहरण. त्याने नेपल्स जिंकायचा ध्यास घेतला, १४३२ मध्ये गेला तो परत आलाच नाही, आणि पुढची वीसेक वर्षं कातालोनियाचा गाडा तिने ओढला. तो तिकडे, ती इकडे, मूलबाळ नाही. दोघं १४५८ मध्येच वारली, तो जूनमध्ये नेपल्सला, ती सप्टेंबरमध्ये वालेन्सियाला.

नवरा-बायकोत प्रेम वगैरे होतं का?

कुठे कुठे दिसतं. सांचो आणि मारिया वर आलेच. आठवा अल्फोन्सो आणि लेओनोर यांचंही चांगलं जमलं असावं : त्याला तोलेदोच्या एका ज्यू मुलीने सात वर्षं भुलवलं होतं ही कथा पुष्कळ नंतर लिहिलेली आहे. तो गेल्यावर लेओनोर चार आठवडेही जगली नाही.

यांच्या खुणा आज कुठे पाहायला मिळतात?

पहिलं ठिकाण बुर्गोसजवळचा लास उएल्गास मठ. लेओनोर आणि अल्फोन्सोने तो ११८७ मध्ये स्थापन केला, दोघं तिथेच आहेत, बेरेंगेलाही. विसाव्या शतकात कबरी उघडल्या तेव्हा कोरड्या हवेने टिकलेलं रेशीम हाती आलं, ते आता तिथल्या संग्रहालयात आहे. बेरेंगेलाच्या डोक्याखालच्या उशीच्या लाल रेशमावर अरबी अक्षरं आहेत : अल्लाशिवाय दुसरा देव नाही. दक्षिणेत मुसलमानांशी लढणाऱ्या संत राजाची आई या उशीवर सातशे वर्षं निजली होती. उत्तम रेशीम तिकडचंच, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसरं बार्सिलोनातलं पेद्राल्बेस. आरागॉनच्या दुसऱ्या हाइमेने उतारवयात १३२२ मध्ये एलिसेंदा दे मोंकादाशी लग्न केलं. तो जाणार हे दिसत होतंच, म्हणून त्याच्या हयातीतच तिने हा मठ बांधायला घेतला आणि विधवा झाल्यावर शेजारी राहून सुमारे ३७ वर्षं त्याची व्यवस्था पाहिली. १३६४ मध्ये ती वारली. तिची कबर एकाच भिंतीत दोन्हीकडून दिसते. चर्चच्या बाजूने पाहिलं तर मुकुट घातलेली राणी, मठाच्या अंगणातून पाहिलं तर साध्या वस्त्रातली विधवा. चर्चमध्ये येणाऱ्यांना राणी दिसे, विधवा फक्त आतल्या जोगिणींना.